गावात शिबीर घ्यायचं, की आशाताईच्या पाठीशी उभं राहायचं?

बालाघाट_एक्सप्रेस

मंडळी, सल्ला हवाय, मराठवाड्यातली उदाहरणं असली तर उत्तम. गाव धाराशिव जिल्ह्यातलं, वाशी तालुक्यात, डोंगराच्या कडेला. वस्ती तीनेक हजार. उपकेंद्र गावात आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र लांब. आमची दहावीची बॅच पुणे, चाकण, संभाजीनगर अशी पांगली आहे. सगळ्यांनी मिळून दीड लाख जमवले आणि सर्वरोग निदान शिबीर घ्यायचं ठरवलं. मांडववाला, बॅनरवाला, लातूरचे दोन डॉक्टर, सगळं बोलून झालं होतं.

पेशंटची यादी मागायला गावच्या आशा स्वयंसेविकेला, म्हणजे आशाताईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "दादा, शिबीर नका घेऊ. मागं पण झालंय एक. बीपी मोजतेत, पाच दिवसांच्या गोळ्या देतेत, फोटो काढतेत. सहाव्या दिवशी बाया माझ्या दारात. मी कुठून आणू गोळ्या?"

मग त्यांनीच यादी सांगितली, पण पेशंटची नाही. वडार वस्तीला नळाचं पाणी चढत नाही. उपकेंद्रात तपासणीच्या खोलीला आतून कडी नाही, त्यामुळे गरोदर बाया झोपून तपासून घ्यायला तयार होत नाहीत. साखर-बीपीच्या गोळ्या महिन्यातून कधी असतात, कधी नसतात. ग्रामसभेत बोलून पाहिलं तर "पुढच्या टायमाला बघू" एवढंच.

माझा प्रश्न असा. गावात कुठे काय दुखतंय हे त्या बाईला माहीत आहे, आणि निर्णय दुसरीकडेच होतात. तिचं आणि वस्तीतल्या बायांचं म्हणणं गावाचा निर्णय व्हावं म्हणून आमच्यासारख्यांनी नेमकं काय करावं? पैसे आहेत, सुट्ट्या कमी आहेत. आणि आम्ही गेलो की गावातले लोक आम्हालाच पुढारी समजायला लागतात, हीही एक भानगड.

कडब्याची_गंजी

दीड लाखात पूर्वी माणूस सरपंच व्हायचा. आता तेवढ्यात मतदारांचं जेवणही होत नाही. शिबीरच घ्या.

जुना_ग्रामसेवक

नोकरीत परभणी आणि हिंगोली हे दोन्ही जिल्हे पाहिले, आता निवृत्त आहे. सरळ सांगतो. ग्रामसभेत बोललेलं वाऱ्यावर जातं. कामाला येतो तो इतिवृत्तात सूचक-अनुमोदकाच्या नावासकट लिहिलेला आणि समोर रक्कम असलेला ठराव. "आरोग्यावर चर्चा झाली" असं लिहिलेली पानं मी ढिगानं पाहिलीत. त्यातून कडी बसत नाही.

वर्षाला किमान चार ग्रामसभा कायद्यानं घ्याव्या लागतात. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा बंधनकारक आहे. प्रत्यक्षात महिला सभेचं रजिस्टर शिपाई घरोघर फिरवतो आणि अंगठे, सह्या गोळा होतात. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे १५ टक्के मतदार किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. ती भरली नाही की सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे खरे निर्णय दहा-पंधरा माणसांत होतात. ते दहा-पंधरा कोण, हे प्रत्येक गावाला माहीत असतं.

पैसा नाही हे मात्र ऐकून घेऊ नका. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) मूळ अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता आणि ४० टक्के मोकळा. वडार वस्तीची पाइपलाइन अशा बंधित पैशात बसते. ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात ते काम आहे का, एवढं आधी बघा. आराखडा ऑनलाइन असतो, ई-ग्रामस्वराज वर.

एक विचारतो. तुमच्या गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे ना? तिचा अध्यक्ष कोण?

अंगणवाडीची_चिमणी

काका, समितीचा अध्यक्ष कोण हे बहुतेक गावांत अध्यक्षालाही माहीत नसतं :)

मी स्वतः अंगणवाडी सेविका आहे, तालुका सांगत नाही. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हापासून या समितीला गावामागे वर्षाला १० हजार रुपये मुक्त निधी ठरलेला आहे. रक्कम छोटी, पण कडी-कोयंडा, पडदा, वजनकाटा, एखाद्या बाळंतिणीची अडीअडचणीची गाडी एवढं त्यातून नक्की होतं. आमच्याकडे मध्ये निधी आलाच नाही. नंतर आला तो मार्च महिन्यात, आणि वरून फोन, "आठ दिवसांत खर्च करा." मग काय, सतरंज्या आल्या. सतरंज्यांवर बसून आम्ही कुपोषणावर चर्चा केली.

खातं जोड सहीचं असतं. दुसऱ्या सहीचा माणूस रुसला की संपलं.

खेड्यातला_डॉक्टर

थोडा वेगळा सूर लावतो. शिबिरांना सरसकट शिव्या देऊ नका. रक्तदाब चढलेला आहे हे ठाऊकच नसलेली माणसं शिबिरातच पहिल्यांदा सापडतात. गुटख्यानं तोंड उघडत नाही अशी तिशीतली पोरं मी शिबिरातच जास्त पाहिली. दोष शिबिराचा नाही, पुढे काहीच नसण्याचा आहे.

दुसरं म्हणजे ग्रामसभेच्या ठरावानं डॉक्टर येत नाही. रिक्त पदं भरणं राज्याच्या हातात, औषधखरेदी वरून. ग्रामपंचायत नालीवर बोलू शकते, पदभरतीवर नाही. बाईंना पुढे करून तिथे लढायला लावाल तर चार सभांत त्या दमतील आणि "काही होत नसतं" हा गावाचा समज पक्का होईल.

तेरणाकाठ

डॉक्टर, अर्धं मान्य. ठरावानं डॉक्टर येत नाही, पण आलेला डॉक्टर जागेवर राहतो की नाही यावर गावाचा डोळा ठेवता येतो. आपल्या जिल्ह्यातच ते झालेलं आहे.

२००७ मध्ये महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिले पाच जिल्हे होते पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव. राज्य पातळीवर पुण्याची ‘साथी’ संस्था समन्वय करायची. गावकऱ्यांनी स्वतः माहिती भरायची. नर्स गावात येते का, लसीकरणाचा दिवस पाळला जातो का, केंद्रात पैसे मागतात का, औषधं बाहेरून आणायला लावतात का. त्यावरून गावाचं रिपोर्टकार्ड, हिरवा-पिवळा-लाल. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही लाल रंग कळतो. मग जनसुनवाई. मांडवात एका बाजूला अधिकारी, समोर गाव, आणि एखादी आजी उठून सांगते की सुईचे पैसे घेतले.

मी त्या काळात गावपातळीवर माहिती गोळा करायला फिरलोय. जनसुनवाईची तारीख पडली की केंद्रात औषधं येऊन पडायची, भिंतीवर दरपत्रक लागायचं, हे डोळ्यांनी पाहिलंय. भीतीनं आलं की प्रेमानं, आपल्याला काय करायचं?

पण खरं हेही, की मागे संघटना होती तोवर ते चाललं. तालुक्याला एक माणूस मोटारसायकलवर फिरायचा, बायांना आदल्या दिवशी आठवण करायचा, कागद लावून द्यायचा. तो पगारी माणूस गेला की रिपोर्टकार्डही गेलं. बालाघाटभाऊ, तुमचे दीड लाख कुठे लावायचे याचं उत्तर यातच आहे असं मला वाटतं.

सिंदफणा

बीडहून. तुम्ही सगळे ग्रामसभेचे नियम सांगायलेत ते बरोबर, पण आमच्याकडं गावच गावात नसतं ना.

दसरा-दिवाळीला कोयते (ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या) निघतात, ते मार्च-एप्रिलला परत. २६ जानेवारीच्या सभेला वस्तीवर म्हातारी माणसं आणि आश्रमशाळेत न गेलेली लेकरं. ज्यांना दवाखान्याची सगळ्यात जास्त गरज, त्या बाया तेव्हा सांगली-कोल्हापूरच्या फडात. गरोदर बाईची एक तपासणी गावात, दुसरी कुठंच नाही, बाळंतपण कोपीत (फडावरच्या झोपडीत). इकडच्या नर्सच्या रजिस्टरला ती ‘स्थलांतरित’, तिकडच्या नर्सच्या रजिस्टरला तिचं नावच नाही.

गर्भपिशवी काढण्याचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. बाई पाळीत सुट्टी घेऊ शकत नाही, खाडा पडला की मुकादम दंड कापतो, अंगावरून पाणी जायला लागलं की डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. आता खासगी दवाखान्याला अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. हे जिल्ह्याच्या पातळीवरचं धोरण झालं, आणि ते झालं बाया बोलल्या म्हणून, संघटनांनी ते बोलणं लावून धरलं म्हणून.

म्हणून माझं म्हणणं, महिला सभा कोयता निघायच्या आधी घ्या. आराखड्याचं काम तसंही २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होतं. त्या सभेत जाणाऱ्या बायांची यादी, तपासणी, गोळ्यांचा साठा सोबत, आणि कोणत्या कारखान्याला चाललेत त्याची नोंद. हा ठराव करायला पैसा लागत नाही.

कडब्याची_गंजी

गंभीर झालो. वरची सरपंचाची कोटी मागे घेत नाही, पण सिंदफणाताईंचा प्रतिसाद आमच्या आमदारांना पाठवला आहे. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही.

मांजराकाठची_मैना

इतकं सगळं वाचलं, पण कोणी मूळ गोष्टीला हात घातला नाही. ‘गाव’ म्हणजे कोण? ‘लोकांचं नेतृत्व’ म्हणजे कोणत्या लोकांचं?

आमच्याकडे आशा पाटलाच्या भावकीतली, सरपंच आरक्षणानं आलेली बाई, कारभार तिच्या नवऱ्याचा. २०११ पासून निम्म्या जागा बायांच्या आहेत, खुर्ची मिळाली, शिक्का नवऱ्याच्या खिशात. पारध्याच्या पालावर आशा जात नाही असं नाही, जाते, पण बाहेरूनच हाक मारते. बालाघाटच्या धाग्यातली आशाताई वडार वस्तीचं बोलतेय ही मोठी गोष्ट आहे. सगळीकडे असं नसतं.

जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि मेबेल आरोळे यांनी काम सुरू केलं. पुढे गावातल्याच बायांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. त्यात कितीतरी दलित, गरीब घरातल्या, अक्षरओळख नसलेल्या. ज्या बाईच्या हातचं पाणी चालत नव्हतं तिच्या हातची बाळंतपणं गावानं स्वीकारली. मॅगसेसे वगैरे नंतरचं, १९७९ चं. मला भावतं ते हे, की निवड करतानाच त्यांनी बाजू घेतली होती.

पेडगावचा_शहाणा

जामखेड मराठवाड्यात नाही. नगर जिल्हा. (आता अहिल्यानगर.) धाग्याच्या विषयाला धरून बोलावे.

मांजराकाठची_मैना

जामखेडशेजारच्या आष्टी-पाटोद्याच्या (बीड जिल्हा, म्हणजे मराठवाडाच) लोकांना विचारा दवाखान्याला कुठं जायचे ते. नकाशा बघून कोणी आजारी पडत नाही. बरं, मराठवाड्यातलंच हवं तर तुळजापूर तालुक्यातलं अणदूर घ्या. हॅलो मेडिकल फाउंडेशनचे ‘भारतवैद्य’. डॉ. शशिकांत अहंकारी यांनी खेड्यातल्या बायांना साध्या उपचारांचं शिक्षण देऊन उभं केलं. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी पट्ट्यात घरं बांधताना गावागावांत बायांना संवाद सहायक नेमलं होतं, स्वयम् शिक्षण प्रयोगच्या मार्फत. त्याआधी ज्या ग्रामपंचायतीची पायरी चढल्या नव्हत्या, त्या इंजिनिअरला सळई का कमी टाकली म्हणून विचारायला लागल्या. भूकंपानं भिंती पाडल्या तशा काही इतरही भिंती पडल्या. समाधान झालं का?

पेडगावचा_शहाणा

झालं.

नांदेडी_बाप्पा

आमच्याकडचं एक सांगतो. हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी. घराघराला शोषखड्डे केले, नाल्याच बंद झाल्या, डास गेले. चार बाय चार फुटांचा खड्डा, भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, बाजूनं दगड. पुढं तो ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून रोजगार हमीत बसला. म्हणजे आधी गावानं केलं, मग सरकारनं कागद काढला. उलटं होत नसतंय बाप्पा.

आणि संभाजीनगरजवळच्या पाटोद्याचे माजी सरपंच पेरे पाटील, त्यांचं कोणी नाव घेतलं नाही अजून? कर भरा, दळण फुकट. आमच्या सरपंचांनी त्यांचं भाषण इतक्या वेळा फॉरवर्ड केलं की आता गावाला पाठ आहे. गिरणी मात्र आली नाही.

एक_होती_आशा

इतका वेळ नुसती वाचत होते. मी आशा स्वयंसेविका होते, आता सोडलं.

बालाघाटदादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण एक गोष्ट कोणी बोललं नाही. तुम्ही त्या ताईला पुढे कराल, ती ग्रामसभेत उभी राहील, सरपंचाला आणि उपकेंद्राला दोघांनाही झोंबेल असं बोलेल. तुम्ही रविवारच्या रात्रीच्या गाडीनं पुण्याला जाल. सोमवारी तिचं काय? आशाला पगार नसतो. मानधन आणि कामावर मोबदला. त्या मोबदल्याच्या कागदावर नर्सताईंची सही लागते, वर गटप्रवर्तक, वर तालुका. सही थांबवायला कारण लागत नाही. माझं बिल तसं थांबलेलं आहे, कोणी थांबवलं ते लिहीत नाही.

त्यामुळे मागणी बचत गटाच्या ग्रामसंघाकडून जाऊ द्या. उमेदचे (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे) गट असतीलच. अर्जावर वीस-पंचवीस बायांच्या सह्या, आशाची नको. आशानं फक्त माहिती द्यायची. कोणत्या घरात पाणी नाही, कोणाची तपासणी चुकली, हे तिच्या वहीत असतंच. वही तिची, तोंड सगळ्यांचं.

आणि पैशाचं म्हणाल तर भाषणं आणि ‘नेतृत्व विकास प्रशिक्षण’ यावर एक रुपया घालू नका. तशी प्रशिक्षणं मी खूप केलीत. बॅग मिळते, पेन मिळतं, दुपारी जेवणात गुलाबजाम. परत आलं की तेच. बाईला तालुक्याला पंचायत समितीत जायचं तर तिचा एक दिवसाचा रोज बुडतो, वर जाण्यायेण्याचं भाडं, झेरॉक्स. घरी सासू विचारते, काय मिळालं? तो बुडालेला रोज भरून द्या. बाई परत जाईल. दुसऱ्यांदा गेलेल्या बाईला साहेब खुर्ची देतो.

तेरणाकाठ

वा ताई. मी मोटारसायकलवाल्याचं म्हणत होतो ते तुम्ही नीट सांगितलंत.

रानवारा

दारूचं कोणी काढलं नाही म्हणून. आमच्या गावी बायांनी ‘आडवी बाटली’ साठी मतदान मागितलं होतं. २००८ च्या नियमानं २५ टक्के महिला मतदारांची लेखी मागणी, आणि दुकान बंद व्हायला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, एकूण यादीच्या. मतदान लागलं ऐन तोडणीच्या हंगामात. निम्मी यादी फडावर. जितक्या बाया होत्या तितक्यांनी ठासून मतं दिली आणि तरी बाटली उभीच राहिली.

सिंदफणा म्हणतात तेच. तारीख कोण ठरवतं त्यावर सगळं आहे.

खेड्यातला_डॉक्टर

रानवारा, हे माहीत नव्हतं. भयंकर आहे.

‘एक_होती_आशा’ यांच्या प्रतिसादानंतर माझ्या मुद्द्यात भर घालतो. उपकेंद्र जर आयुष्मान आरोग्य मंदिर झालं असेल तर तिथे जन आरोग्य समिती असायला हवी. अध्यक्ष सरपंच, सचिव समुदाय आरोग्य अधिकारी. त्या समितीचा मुक्त निधी ग्राम समितीपेक्षा मोठा असतो. गोळ्यांचा साठा, कडी, पडदा हे सगळं तिथेच विचारायचं. मी पदभरतीबद्दल बोललो ते कायम आहे, पण कडीसाठी मंत्रालयात जायची गरज नाही हेही खरं. बीपी-साखरेच्या रुग्णांची नीट यादी असेल आणि दर महिन्याला किती गोळ्या लागतात हा आकडा ठरावात असेल, तर मेडिकल ऑफिसरलाही वर मागणी करताना आधार मिळतो. आम्ही लोकही कागदालाच घाबरतो.

कडब्याची_गंजी

डॉक्टरांना लाल कार्डातून पिवळ्यात घ्या.

जुना_ग्रामसेवक

ठराव कुठवर जातो याचं ताजं उदाहरण हेरवाड. कोल्हापूर जिल्हा, शिरोळ तालुका (पेडगावकरांनी सांभाळून घ्यावं). मे २०२२ मध्ये ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक पाठवलं. आता परिपत्रकानं किती गावांत बांगड्या फुटायच्या थांबल्या हा वेगळा प्रश्न. पण गावाच्या रजिस्टरमधली चार ओळींची गोष्ट मंत्रालयात पोचते.

जिल्हा परिषदांवर २०२२ नंतर काही वर्षं प्रशासकच होते. मधला निवडून आलेला माणूस नसला की गावचा ठराव हाच काय तो आवाज उरतो.

बालाघाट_एक्सप्रेस

सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. विचारलेल्या गोष्टींची उत्तरं.

ग्राम आरोग्य समिती आहे. तिच्या अध्यक्षा म्हणजे आमच्याच एका वर्गमित्राच्या काकू निघाल्या. त्यांना सही करतात एवढं माहीत होतं. उपकेंद्रावर आयुष्मान आरोग्य मंदिराची पिवळी पाटी आहे. ऑनलाइन आराखडा पाहिला. वडार वस्तीची पाइपलाइन नाही, स्मशानभूमीचं सुशोभीकरण आहे.

आशाताईंना ‘एक_होती_आशा’ यांचा प्रतिसाद फोनवर वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "ह्या ताई कुठल्या हायेत? त्यांना सगळं ठाऊकंय." अर्ज ग्रामसंघातर्फेच करायचं त्यांनीही सांगितलं. वहीतली माहिती त्या देणार.

बॅचमध्ये मात्र रामायण झालं. एकाचं म्हणणं, "बसभाड्याला आणि रोजाला पैसे द्यायचे तर आपलं नाव कुठे?" बॅनर नाही म्हटल्यावर दोघं ग्रुप सोडून गेले, त्यांचे पैसे परत केले. उरलेल्यातून ग्रामसंघाच्या बायांचा रोज, भाडं, झेरॉक्स असा वर्षाचा खर्च धरलाय. हिशेब ग्रामसंघाच्याच रजिस्टरला राहील, आमच्याकडे नाही. यावरही मतभेद आहेत, पण ठरलंय.

एक शंका उरली. आमच्याकडे ग्रामसभेला अजून वेळ आहे. तोवर नुसतं थांबायचं का?

जुना_ग्रामसेवक

थांबायचं नाही. ग्रामपंचायतीची मासिक सभा असते, अर्ज तिथे द्या. दोन प्रती करा, दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घालून पोहोच घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर अर्ज परत घेऊन या आणि रजिस्टर्ड टपालानं पाठवा. कडीचा आणि पाइपलाइनचा अर्ज एकत्र करू नका, एक अडला की दोन्ही अडतात. आणि स्मशानभूमीच्या कामाला विरोध लिहू नका, गावात उगाच भांडण लागेल. फक्त वस्तीचं काम बंधित निधीतून घ्यावं एवढंच लिहा.

सिंदफणा

अर्ज देताना वडार वस्तीतल्या बायांनीच द्यायला पाहिजे. दुसऱ्या कोणी त्यांच्या वतीनं नको. ग्रामसंघात त्या आहेत का ते आधी बघा.

बालाघाट_एक्सप्रेस

नाहीत. आत्ताच विचारलं. वस्तीत गटच झालेला नाही.

एक_होती_आशा

मग पहिलं काम ते. गट दहा जणींचा होतो. व्यक्तिगत निरोप करते, आमच्याकडे कसा केला ते सांगते.

कडब्याची_गंजी

अर्जाचा मसुदा इथेच टाका हो काका. आमच्या उपकेंद्रालाही कडी नाही.